रोजची प्रार्थना आणि दर रविवारी चर्च, एवढ्याने ख्रिस्ती जीवन पूर्ण होतं का?

नाही, असं मला ठामपणे वाटतं, आणि बायबलही तेच सांगतं. मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही राग आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करा. म्हणजे उपासनासुद्धा थांबवायची! ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याला आज फोन करणं अवघड आहे, पण सुरुवात तिथूनच करा.

जक्कय (लूक 19) मला फार जवळचा वाटतो. हा श्रीमंत जकातदार येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि फसवणुकीचे पैसे चौपट परत करायला तयार झाला. त्याचा पश्चात्ताप थेट पैशाच्या व्यवहारात दिसला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही जरूर वाचा. उपाशी माणसाला नुसते आशीर्वाद देऊन काय उपयोग, असं तो रोखठोक विचारतो.

विधी सोडा असं मात्र मी म्हणत नाही. येशू स्वतः सभास्थानात (यहुदी प्रार्थनास्थळात) जात असे, प्रभुभोजनही (त्याच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) त्यानेच लावून दिलं. फक्त मदत कराल तेव्हा गाजावाजा नको, मत्तय 6 मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय.