वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन तास आणि स्मार्ट वर्ग

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दोन वर्गखोल्यांत 65 इंची स्मार्ट बोर्ड आणि कॅमेरे बसवले. सकाळी सगळं सुरळीत चालतं. दुपारच्या तुकडीला मात्र वाय-फाय लागतच नाही, आणि तीननंतर बोर्डावर आपोआप रेघोट्या उमटतात. बोर्ड बदलून मागावा का?
– प्राध्यापिका, भूम

उत्तर : एवढ्यात नको. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि बहुधा दोन्हींत बोर्डाचा दोष नाही.

वाय-फायला जोडलेल्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) देतो. साध्या राउटरकडे असे फार तर 253 पत्ते असतात, आणि पुष्कळ राउटरांत एकदा दिलेला पत्ता 24 तास त्याच मोबाइलच्या नावावर राहतो. सकाळची मुलं एसटीनं गावी पोचली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच! दुपारच्या मुलांच्या मोबाइलवर मग ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढंच दिसत राहतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी लीज टाइम’, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, शोधा आणि 60 मिनिटं करा. काही राउटर सेकंद मागतात, तिथं 3600 भरा. बोर्ड, कॅमेरा आणि वर्गातला संगणक वाय-फायवर ठेवूच नका. त्यांना कॅट-6 केबल (नेटवर्कची तार) ओढा. 90 मीटरपर्यंत निर्धास्त.

आता रेघोट्या. वर्गातल्या बहुतेक बोर्डांच्या चौकटीत इन्फ्रारेड किरणांचं जाळं असतं. बोटानं ते जिथं तुटतं, तिथं रेघ उठते. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट चौकटीवर आलं की सेन्सर गोंधळतो. तीन वाजता पुठ्ठा आडवा धरून सावली करून पाहा. रेघा थांबल्या तर जाड पडदा लावला की काम झालं. नाही थांबल्या, तर बोर्ड बंद करून चौकटीच्या आतल्या कडा कोरड्या, मऊ फडक्यानं पुसा. शेजारच्या फळ्यावरची खडूची पूड तिथंच साचते.

जाता जाता : आणखी कॅमेरा घेण्याआधी कॉलर माइक घ्या. चित्र फाटलं तर मुलं सोसतात, आवाज फाटला की तास सोडून जातात. इंटरनेट घेताना सगळे डाउनलोडच विचारतात; तास बाहेर पाठवायला लागतो तो अपलोड. एका वर्गाला 2 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरा आणि दुप्पट ठेवा, म्हणजे तुमच्या दोन वर्गांना 8.

प्रश्न : वीज गेल्यावर तास किती वेळ चालेल? 150 एएचची (अँपिअर-अवर) एक बॅटरी आहे.
– प्रयोगशाळा सहायक, जिंतूर

उत्तर : 12 व्होल्ट गुणिले 150, म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर बसते, म्हणून 900 धरा. इन्व्हर्टरमधली घट वजा जाता साधारण 750. बोर्ड 150 वॅट, संगणक 100, राउटर-स्विच-कॅमेरा मिळून 30, असा 280 वॅटचा भार असेल तर अडीच तास. तुमच्या बोर्डाचे वॅट मागच्या पट्टीवर पाहून हिशेब पुन्हा मांडा. पंखे या लाइनवर घेतलेत, तर अडीच तास विसरा. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी दर महिन्याला तपासा, आणि फक्त डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरचं क्षाराचं पाणी प्लेटा खातं.

प्रश्न : घरी रोजचा दीड जीबी डेटा, त्यात रेंज कमी. तीन तास ऑनलाइन असले की पॅक संपतो.
– विद्यार्थिनी, किनवट तालुका

उत्तर : 1 एमबीपीएसनं चाललेला तासभराचा व्हिडिओ 450 एमबी खातो. तीन तासांचे 1350 झाले, मग उरतं काय? रेकॉर्डिंग असेल तर 360पी, म्हणजे कमी स्पष्टतेचं चित्र, निवडा, डेटा निम्म्यावर येतो. थेट तासात समोरचा व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवा आणि फळ्याचे फोटो सरांकडून नंतर मागून घ्या. महाविद्यालय मूडल (धडे ऑनलाइन ठेवायची प्रणाली) वापरत असेल, तर त्याच्या ॲपमध्ये धडे कॉलेजच्या वाय-फायवरच उतरवून घ्या. घरी ते इंटरनेटशिवाय उघडतात. घरात डीडी फ्री डिश असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्यांवर पदवीचे विषयही लागतात. एकच तास दिवसातून अनेकदा दाखवतात, त्यामुळे सकाळचा हुकला तर संध्याकाळी लावा.