अंगावरून पांढरं जात असेल तर एचआयव्हीचा धोका वाढतो का?

नेहमीचं, वास-खाज नसलेलं पांढरं जाण्याने नाही. पण संसर्गामुळे योनीमार्गाला सूज असेल तर हो, वाढतो. सूज आली की शरीर तिथे सीडी४ पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, धाडतं आणि एचआयव्ही नेमका त्याच पेशींत शिरतो. म्हणजे राखणदारच त्याचं दार ठरतात. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही रोखणाऱ्या जेलची जी कॅप्रिसा ००४ चाचणी झाली, तिच्यातही आधीपासून अशी सूज असलेल्या स्त्रियांमध्ये लागण जास्त दिसली. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुणं मात्र कृपा करून थांबवा, त्याने तिथले उपयोगी लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटतात. माशासारखा वास, राखाडी स्राव, खाज असेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन, जे रुग्णालय जवळ पडेल तिथे दाखवा; आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. फक्त सूज उतरली म्हणून संरक्षण मिळत नाही, कंडोम हवाच.