शाळेच्या फोटोंचे ऑनलाइन प्रूफ (निवडीसाठीचे नमुना फोटो) पाठवताना पालकांना फक्त आपल्याच मुलाचे फोटो दिसावेत, यासाठी काय करावं?
पूर्ण गॅलरीला एकच पासवर्ड ठेवू नका, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र कोड द्या. एकच पासवर्ड कुणी ग्रुपवर टाकला की सगळ्या वर्गाची मुलं कुणालाही दिसतात. लहान मुलांच्या बाबतीत ही जोखीम घेऊच नये. त्यासाठी शाळेतल्या विद्यार्थ्यांची यादी आधी फोटो गॅलरीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा, प्रत्येकाचं क्यूआर कार्ड (त्याच्या नावाचा क्यूआर कोड असलेलं कार्ड) छापा आणि मुलाचे फोटो काढण्याआधी त्या कार्डाचा एक फोटो घ्या. सॉफ्टवेअर ते कार्ड ओळखतं आणि पुढचं कार्ड येईपर्यंतचे सगळे फोटो त्याच नावाखाली लागतात. मात्र एखादं कार्ड राहून गेलं तर त्या मुलाचे फोटो आधीच्या मुलाच्या नावावर जातात. म्हणून लिंक पाठवण्यापूर्वी प्रत्येक नावाखालचा चेहरा वर्गशिक्षकांकडून तपासून घ्या.