वाचकांचे प्रश्न : कव्हरच्या पाठीवरची नावे

या महिन्यात सोलापूरहून आलेल्या चार पत्रांचा विषय एकच आहे : जॅझ आणि त्याच्या काळ्या तबकड्या. प्रश्न एकमेकांना पूरक असल्यामुळे सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीमुळे घरी शास्त्रीय गाणे ऐकत वाढलो. एका मित्राकडे माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकली आणि तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही. साठवलेल्या पैशांतून टर्नटेबल आणि तीच रेकॉर्ड घेतली. पुढे काय घ्यावे हे मात्र कळत नाही. ‘सर्वश्रेष्ठ शंभर’ अशा याद्या पाहिल्या की दडपण येते, आणि तेवढे पैसेही नाहीत. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपली सुरुवात झालेली आहे, आणि ती फार चांगली झालेली आहे. याद्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. जी तबकडी आपल्याला आवडली तिचेच कव्हर उलटे करावे आणि पाठीवर छापलेली वादकांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. जॅझमधला वादक आज स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण करतो आणि उद्या दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणात साथीला उभा राहतो. त्यामुळे एका कव्हरवरच्या सहा-सात नावांतून पुढच्या कितीतरी रेकॉर्डींचा रस्ता सापडतो आणि तो दुसऱ्या कोणी आखून दिलेला नसतो, आपल्या कानाने निवडलेला असतो.

‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ साली, एक दिवस मार्चमधला आणि एक एप्रिलमधला, अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली. डेव्हिस यांच्या ट्रम्पेटबरोबर तिच्यावर टेनर सॅक्सोफोनला जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनला कॅननबॉल ॲडर्ली, पियानोला बिल एव्हान्स, बासला पॉल चेंबर्स आणि ड्रमला जिमी कॉब आहेत. एका रचनेपुरते पियानोवर विंटन केली बसले आहेत. आता यांतले एकेक नाव धरून पुढे जावे. ॲडर्ली यांचे धरले तर १९५८ सालची ‘समथिंग एल्स’ हाती येते, जिच्यावर खुद्द डेव्हिस साथीदार म्हणून वाजवतात. त्या काळात ते दुसऱ्याच्या साथीला क्वचितच बसत, म्हणून तिचे मोल अधिक. तिच्यावर ड्रमला आर्ट ब्लेकी आहेत. त्यांच्या मागे गेल्यावर त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली ‘मोनिन’ मिळते आणि तिच्यावर वीस वर्षांचा ली मॉर्गन ट्रम्पेट वाजवताना ऐकू येतो. हाच मॉर्गन त्याच्या आदल्या वर्षी कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’वर होता, आणि तेथे बासला पुन्हा पॉल चेंबर्स! चार तबकड्यांत आपण फिरून ओळखीच्या माणसांत येतो. तोवर चेंबर्स यांची बोटे आपल्याला नाव न वाचताही ओळखू येऊ लागलेली असतात, आणि संग्रह करण्यातला खरा आनंद माझ्या मते येथून सुरू होतो.

बिल एव्हान्स यांचा धागा वेगळ्या दिशेला नेतो. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात त्यांनी स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम) यांच्यासह दिवसभरात जे वाजवले, त्यातून ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या दोन रेकॉर्डी निघाल्या. त्यांत पेल्यांचा किणकिणाट आणि श्रोत्यांची कुजबुज स्पष्ट ऐकू येते; या दोन तबकड्या ऐकताना आवाज थोडा वाढवावा आणि त्या खोलीत बसावे. लाफारो येथे केवळ ठेका धरत नाहीत, ते पियानोशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. त्यानंतर अकराव्या दिवशी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आपल्या शास्त्रीय ऐकण्याचाही येथे मोठा उपयोग आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली रचना ‘सो व्हॉट’ पुन्हा लावावी. बास एक छोटी स्वरावली टाकतो आणि पियानो दोनच ठोक्यांत तिला उत्तर देतो. काही वेळाने तेच उत्तर ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन मिळून देऊ लागतात. या रचनेचे एक आवर्तन चार मात्रांच्या ३२ खंडांचे आहे. पहिल्या १६ खंडांत जी स्वरसप्तकाची चौकट आहे ती आपल्या काफी थाटाशी तंतोतंत जुळते. पुढच्या ८ खंडांत तीच चौकट अर्ध्या सुराने वर सरकते आणि शेवटच्या ८ खंडांत मूळ षड्जावर परत येते. सरकण्याची ती जागा एकदा कानाला लागली की प्रत्येक वादक आपल्या पाळीत तिथे कसा पोहोचतो हे ऐकता येते. डेव्हिस यांचे एकलवादन सुरू होताना कॉब झांजेवर जो ठोका देतात आणि तो ज्या लांबीने विरत जातो, तेवढा एक क्षण तबकडीवर नीट ऐकलात तर साथीदाराचे नाव वहीत का लिहायचे, हे मी वेगळे सांगण्याची गरज उरणार नाही.

लयीची गोडी असेल तर डेव्ह ब्रुबेक यांची १९५९ सालचीच ‘टाइम आउट’ अवश्य घ्यावी. तिच्यातली ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड यांची, तर ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ नऊ मात्रांची, दोन-दोन-दोन-तीन अशा वजनाची. तो नमुना ब्रुबेक यांनी तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. त्याच १९५८च्या दौऱ्यात ते मुंबईतही आले होते.

पैशांविषयी एवढेच सांगतो. वहीतले प्रत्येक नाव आधी फोनवर ऐकावे आणि ज्या ध्वनिमुद्रणाकडे आपण पुन्हा पुन्हा वळतो तेच तबकडीच्या रूपाने विकत घ्यावे. एलपीची, म्हणजे लाँग-प्लेइंग तबकडीची, एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. ती उलटण्यासाठी उठावे लागते, आणि तेवढ्यामुळे ऐकणे आपोआप एकाग्र होते. महिन्याला एक रेकॉर्ड पुरेशी आहे. दोन-तीन वर्षांनी मागेही जावे : लुई आर्मस्ट्राँग यांची १९२५पासूनची ‘हॉट फाइव्ह’ ध्वनिमुद्रणे, ड्यूक एलिंग्टन, लेस्टर यंग यांच्या साथीने गाणाऱ्या बिली हॉलिडे, चार्ली पार्कर. पुढचे सगळे या पायावर उभे आहे.

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. माळ्यावरच्या त्यांच्या ट्रंकेत जुन्या, जड रेकॉर्डी सापडल्या. बऱ्याच नाट्यपदांच्या आहेत. काहींवर इंग्रजीत फॉक्सट्रॉट (एक पाश्चात्त्य नृत्यप्रकार) असे लिहिले आहे आणि एकीवर चिक चॉकलेट हे नाव आहे. मुलाने नवा रेकॉर्डप्लेअर आणला आहे, त्यावर त्या लावाव्यात का? त्यांची काही किंमत असेल का?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : कृपया त्या नव्या प्लेअरवर लावू नयेत. आपण वर्णन केलेल्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या आहेत. त्यांच्या खाचा एलपीपेक्षा पुष्कळ रुंद असतात. एलपीची बारीक सुई त्यांच्या तळाशी घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुईही खराब होते. ७८चा वेग आणि त्यासाठीची वेगळी, जाड टोकाची सुई दोन्ही असतील तरच त्या वाजवाव्यात. पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेले मऊ कापड खाचांच्या दिशेने फिरवावे, मधले लेबल कोरडे राखावे आणि तबकडी लगेच टिपून घ्यावी. ट्रंकेत त्या आडव्या रचलेल्या असतील तर आजच बाहेर काढून उभ्या ठेवाव्यात. वरच्या वजनाने खालच्या तडकतात.

चिक चॉकलेट हे नाव वाचून मला मनापासून आनंद झाला. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. गोव्याचे हे ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँग यांच्या शैलीत वाजवत आणि गातही असत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद आला आणि त्यांच्या पाठोपाठ टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे पियानोवादक आले. त्यांच्यासमोर बसून आणि त्यांच्यासोबत वाजवून गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही माणसे पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा कणा बनली. पुणतांब्याचे आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याबरोबर चिक चॉकलेट यांनी काम केले आणि १९५१च्या ‘अलबेला’त तर ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. भगवानदादांच्या नाचामागचा तो ट्रम्पेट मराठी घरांनी ऐकला, त्यावर पावले टाकली. तो जॅझमधून आला आहे हे सांगणारे मात्र फार थोडे होते. आपल्या ट्रंकेतली ती तबकडी या इतिहासाचा तुकडा आहे.

किंमत मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि विकण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. आधी प्रत्येक लेबलचे आणि त्यावरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून यादी करावी. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’शी संबंधित जाणकारांना ती दाखवल्यास योग्य सल्ला मिळेल. मुलाला एलपीच हवी असेल तर शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची ‘राग जॅझ स्टाइल’ शोधावी. उस्ताद रईस खाँ यांची सतार आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ तिच्यात एकत्र आहेत, आणि नाट्यपदांवर वाढलेल्या घरात ती परकी वाटणार नाही.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डी घ्याव्यात की नव्या छपाईच्या? जुन्या घ्यायच्या तर कोठून, आणि फसवणूक कशी टाळावी?
— एक शिक्षिका, होटगी रस्ता

उत्तर : संगीत ऐकण्यासाठी घेत असाल तर नवी, चांगली छपाई घ्यावी. जुनी प्रत नेहमीच सरस असते हा समज खरा नाही. वर उल्लेखिलेल्या ‘काइंड ऑफ ब्लू’चेच उदाहरण पाहा : मार्चच्या सत्रात मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावल्यावर जुन्या प्रतींची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात वाजते आणि ही चूक १९९२पासूनच्या आवृत्त्यांत सुधारली गेली. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हा फरक जाणवतो.

तरीही जुन्या बाजारात जाण्याचे सुख वेगळे आहे. सोलापूरकरांना रविवारी किंवा बुधवारी पुण्याचा जुना बाजार सोयीचा पडतो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन त्याच गाडीने संध्याकाळी परतता येते. मुंबईला गेलात तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट पाहावी. तबकडी कव्हरमधून काढून कडेला धरावी आणि प्रकाशात तिरपी करून पाहावी. वरवरचे बारीक चरे बहुधा ऐकू येत नाहीत. जो ओरखडा नखाला लागतो तो मात्र हमखास ऐकू येतो, आणि तो खाचांना आडवा असेल तर एलपीवर दर १.८ सेकंदांनी ‘टक’ असा आवाज देत राहतो. खाचा काळ्याभोर न दिसता करड्या दिसत असतील तर बोथट सुईने त्या झिजल्या आहेत असे समजावे. धुऊन त्या सुधारत नाहीत. मधल्या भोकाभोवती लेबलवर फार रेघा असतील तर रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली आहे.

शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची गुळगुळीत पट्टी भिंगाने पाहावी. तेथे कोरलेला क्रमांक कव्हरशी जुळतो का, हे आधी तपासावे. १९३९ साली सुरू झालेल्या ‘ब्लू नोट’ कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर याच पट्टीत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरे किंवा त्यांचे आडनाव सापडते. आपल्या हस्तकौशल्याची सही इतक्या छोट्या जागेत ठेवून गेलेल्या या माणसाविषयी मला अतोनात आदर आहे. दूरच्या विक्रेत्याकडून मागवताना श्रेणी नीट वाचावी : ‘व्हेरी गुड’च्या वर ‘व्हेरी गुड प्लस’, ‘निअर मिंट’ आणि ‘मिंट’ अशा आणखी तीन पायऱ्या असतात, म्हणजे ‘व्हेरी गुड’ तबकडीत खरखर असणारच.

यंत्राबाबत एकच आग्रह. सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सुईचा दाब अनेकदा चार-पाच ग्रॅम असतो, तर चांगल्या टर्नटेबलवर तो दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास ठेवतात. रेकॉर्डींवर खर्च करण्याआधी सुईवर करावा.

प्रश्न : आमच्या घराला पत्र्याचे छत आहे आणि मागे पॉवरलूम. उन्हाळ्यात रेकॉर्डी टिकतील का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : टिकतील, जागा तेवढी विचारपूर्वक निवडावी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो, पण नुसत्या हवेच्या उष्म्याने व्हिनाइल, म्हणजे एलपीचे प्लास्टिक, वाकत नाही; ते वाकते थेट उन्हाने, तापलेल्या पत्र्याजवळ किंवा उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत. म्हणून माळा आणि पश्चिमेची भिंत टाळावी, खालच्या खोलीत आतल्या भिंतीशी कपाट ठेवावे आणि त्यात तबकड्या सरळ उभ्या, न कलता, फार न दाबता रचाव्यात. पीव्हीसीची मऊ पारदर्शक पाकिटे उष्म्यात तबकडीला चिकटून कायमचा धुरकट डाग पाडतात. त्याऐवजी पॉलिथिनचे आतले पाकीट वापरावे. सुताची तूस हवेत असल्यामुळे प्लेअरवर झाकण हवेच. प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी कार्बन तंतूंचा ब्रश फिरत्या तबकडीवर हलकेच टेकवावा, आणि सुईवर जमलेली तूस मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून (सुई धरणाऱ्या दांड्याकडून) आपल्याकडे, अशी झटकावी. आडवा ब्रश फिरवल्यास सुईची दांडी वाकते.