वाचकांचा प्रश्न : गाडी एकाच्या नावावर, चालवणारे चौघे

प्रश्न : कार माझ्या नावावर आहे, वय ६१. बहुतेक वेळा मीच चालवतो. पण सौ. अधूनमधून माहेरी ओझरला गाडी घेऊन जाते, मुलगा बंगळुरूहून सुट्टीत आला की त्र्यंबकला तोच आम्हाला नेतो आणि भाचा तर हक्कानं किल्ली मागतो. मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथं जावयाचं नाव पॉलिसीत घातल्यावरच त्याला तिची गाडी चालवता आली. आपल्याकडेही अशी नावं घालावी लागतात का? कधीतरी चालवणाऱ्यांसाठी जास्तीचा हप्ता भरावा का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नावं घालावी लागत नाहीत. आपल्याकडे मोटार विमा गाडीला चिकटलेला असतो. तुमच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर क्लॉज’ शोधा. मालकासह कोणीही व्यक्ती, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू लायसन्स हवं, असा त्याचा अर्थ आहे. तुमच्या परवानगीनं सौ., मुलगा किंवा भाचा गाडी चालवत असेल आणि गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा क्लेम आणि समोरच्याची थर्ड पार्टी भरपाई, दोन्ही तुम्ही स्वतः चालवत असताना मिळाली असती तशीच मिळते. लर्निंग लायसन्सवालाही यात बसतो. शेजारी पक्कं लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती आणि गाडीवर ‘एल’ची पाटी हवी.

मोटार क्लेमचा सर्व्हे करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून एक प्रसंग मुद्दाम सांगते. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये दुभाजकाला धडकलेली गाडी बघायला गेले होते. क्लेम फॉर्मवर चालक म्हणून सासऱ्यांचं नाव होतं. ते माझ्यासमोरच उभे होते, चांगले सहा फुटी. ड्रायव्हरची सीट मात्र स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे ओढलेली, वर जाड उशी आणि मधला आरसा खाली वळवलेला. त्या सीटवर त्यांचे गुडघेसुद्धा मावले नसते. गाडी सूनबाईंनी चालवली होती. त्यांचं लायसन्स अगदी व्यवस्थित होतं, खऱ्या नावानं क्लेम बिनबोभाट पास झाला असता. पण ‘इन्शुरन्स बाबांच्या नावावर आहे’ म्हणून घरच्यांनी चालकच बदलला. कंपनीनं खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नाकारला. बंपर, रेडिएटर, एअरबॅग, सगळा खर्च त्या कुटुंबाच्या खिशातून गेला. त्या सूनबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा, जो चालवत होता त्याचंच नाव फॉर्मवर लिहायचं.

आता खरी उणीव कुठे आहे ते बघा. पॉलिसीतलं सक्तीचं १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर फक्त मालक-चालकाचं असतं. मुलगा चालवताना त्याच्याच चुकीनं अपघात झाला आणि त्याच्या जिवाला काही झालं, तर हे १५ लाख त्याच्यासाठी नाहीत. तो थर्ड पार्टीही ठरत नाही, कारण मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी येतो. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये निंगम्मा खटल्यात आणि पुन्हा २०२० मध्ये रामखिलाडी खटल्यात हेच धरलं. पत्र्याचा विमा आहे, लेकराचा नाही, ही गोष्ट मला फार खुपते. म्हणून जास्तीचे पैसे भरायचेच असतील तर इथे भरा. पॉलिसीत नाव घालून घरच्यांसाठी अपघात कव्हर घेता येतं, पण त्याची रक्कम तोकडी असते. माझं स्पष्ट मत असं, की सौ. आणि मुलगा दोघांच्या नावानं स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढा. तो कोणत्याही गाडीत, रस्त्यावर पायी चालतानाही लागू राहतो.

लायसन्सच्या तारखा मात्र आजच बघा. बायकांचं लायसन्स कपाटात पडून संपतं, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीनं ती गेली. वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिलीत तर दुरुस्तीचा क्लेम गेलाच समजा. जखमी तिऱ्हाइताला न्यायालय बहुधा कंपनीला पैसे द्यायला लावतं, पण तेच पैसे कंपनी मग तुमच्याकडून वसूल करते. आणि भाचा अठराच्या आतला असेल तर किल्ली देऊच नका. पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंडाची तरतूद आहे.

भाच्याबद्दल आणखी एक. सिंहस्थात पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं मारण्याचा मोह अनेकांना होतो. खासगी पॉलिसीत ते बसत नाही, शिर्डीची एक फेरीसुद्धा.

कोणीही गाडी ठोकली तरी क्लेम घेतलात की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचीच जाते. पाच वर्षं सांभाळून ५० टक्क्यांवर आणलेला बोनस छोट्या ओरखड्यासाठी घालवू नका, आधी गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज घ्या.

प्रश्न : वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. गाडी आणि विमा त्यांच्याच नावावर आहे. मी चालवू शकतो का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मालकाच्या निधनानंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालू राहते. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती घेऊन पेठ रोडच्या आरटीओत गाडी वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरा, मग विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. वडिलांचा नो क्लेम बोनस मुलाला मिळू शकतो, तो लेखी मागायला विसरू नका.