रेगेत, म्हणजे जमैकाच्या त्या संगीतात, दुसरं संगीत मिसळणारे आजचे तुमचे आवडते कलाकार कोण?

जमैकाचा गायक डेमियन मार्ली, आणि त्याच्यामागोमाग तिथलीच गायिका कॉफी.

डेमियनचा २०१० चा 'डिस्टंट रिलेटिव्ह्ज' हा अल्बम रॅपर नाझबरोबरचा. त्यातल्या 'अ‍ॅज वी एंटर'मध्ये इथिओपियाच्या मुलातू अस्तात्केंच्या जॅझचा तुकडा वाजतो, तो ऐकाच. (पुढच्याच वर्षी डेमियन पठ्ठ्या मिक जॅगर आणि आपल्या रहमानसोबत 'सुपरहेवी' या बँडमध्ये होता. मला तरी ती खिचडीच वाटली.)

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले; घरात तबला. बाबांना एकदा रेगे ऐकवलं, तर ते मांडीवर ठेका धरून सम शोधत बसले. "अरे, पहिली मात्रा गेली कुठे?" वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात ती मुद्दाम रिकामी सोडतात, ड्रमचा जोरकस ठोका तिसरीवर. म्हणजे समेवरच खाली! दोन मिनिटांनी बोटं थांबली आणि मान हलायला लागली.

कॉफीचा 'रॅप्चर' हा छोटा अल्बम २०१९ चा, जेमतेम पाच गाण्यांचा. रेगेत डान्सहॉल (रेगेतूनच निघालेलं नाचाचं संगीत) आणि हिपहॉप दोन्ही. त्यालाच २०२० मध्ये ग्रॅमी मिळालं, तेव्हा पोरगी १९ वर्षांची होती. सुरुवात त्यातल्या 'टोस्ट' या गाण्यापासून करा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. बास ऐकूच येत नाही.