फुप्फुस बदलल्यावरची रिजेक्शनची औषधं गोळ्यांऐवजी वाफेतून घेता येतात का?

शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये, म्हणजे रिजेक्शन होऊ नये, म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसमुळे वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) चढतंय, तर तेच औषध नेब्युलायझरमधून देऊन गोळ्या बंद करता येतील का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. थोरल्या भावाचं हेच ऑपरेशन झालंय, आम्ही रावेरकडचे केळीवाले, आणि दादाच्या गोळ्यांचा डबा मीच भरतो.

गोळ्या बंद होत नाहीत. आम्हीही हेच विचारून बसलो होतो. कल्पना चुकीची नाही म्हणा. बदललेल्या अवयवांत बाहेरची हवा थेट आत जाते ती फुप्फुसातच, मग औषध तिथंच सोडलं तर रक्तात कमी उतरेल आणि किडनी वाचेल. अमेरिकेत पिट्सबर्गला ५८ रुग्णांवर सायक्लोस्पोरिन, हेही रिजेक्शनचंच औषध, असं देऊन पाहिलं, निकाल २००६ मध्ये आला. ॲक्यूट, म्हणजे अचानक होणारं रिजेक्शन काही कमी झालं नाही, पण क्रॉनिक, म्हणजे हळूहळू वाढत जाणारं रिजेक्शन आणि मृत्यू कमी दिसले. पुढच्या मोठ्या चाचणीत तो फायदा टिकला नाही. आणि मुख्य म्हणजे पिट्सबर्गलाही वाफ गोळ्यांच्या जोडीला होती, गोळ्यांच्या बदली नव्हे. त्यात क्रॉनिक रिजेक्शनमध्ये बारीक श्वासनळ्याच बुजत जातात, म्हणजे जिथं औषध पोचायला हवं तिथलाच रस्ता बंद.

कुणाला नेब्युलायझर लावलेला पाहिला असेल, तर ते बहुधा बुरशीविरुद्धचं ॲम्फोटेरिसिन असतं. त्याचा रिजेक्शनशी संबंध नाही.

किडनीसाठी डॉक्टरांना विचारा: टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) थोडी खाली ठेवून जोडीला एव्हरोलिमस हे रिजेक्शनचं दुसरं औषध चालेल का? स्वतःहून एक गोळीही कमी करू नका. आपल्याकडच्या वैशाखात पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या, अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन लगेच वर जातं. टॅक्रोलिमसने पोटॅशियमही वाढतं. दादाचं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं केळं बंद केलं. दारात घड लागलेले, अन् हा भाऊ भरीत-भाकरीवर! पपनस तर अजिबात नको, त्याने औषधाची लेव्हल चढते.

अन् एक, लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी दिलं होतं ना, ते बघा. एकदा मी दादाला गोळी देऊन मग लॅबला नेलं. लेव्हल भलतीच आली, डोस कमी झाला, आणि आठवड्याने पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. दादा अजून ऐकवतो.